एक भोंगा म्हणजे होय

सोमवार, ३ तारीख

हिने आज हात टेकले. म्हणाली, "अहो, त्या माणसाचं नाव मी आता ऐकून घेणार नाही. बोलायचंच असेल तर वहीशी बोला." मुलीची जुनी वही काढून पुढ्यात टाकली, पेनाचं टोपणसुद्धा उघडून दिलं. ठीक आहे. वही निदान बोलता बोलता उठून गॅस बंद करायला जात नाही.

तर वही, ऐक. मी गोदीतल्या उंच क्रेनवर बसतो. जहाजं दुरुस्तीला येतात, त्यांची सुकाणू, पंखे, पत्रे मी उचलतो आणि सांगितल्या जागी ठेवतो. वरून माणसांची फक्त डोकी दिसतात. त्यातलं पिवळ्या टोपीचं डोकं माझ्या साडूचं, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. मी गोदीत जुना झालो होतो तेव्हा हा कुठल्याशा दुकानात खिळे तोलत होता. मीच शब्द टाकून त्याला इथे चिकटवला. दोन वर्षांपूर्वी म्हातारे मुकादम निवृत्त झाले आणि त्यांची जागा कुणाला मिळाली? कानामागून आली आणि तिखट झाली, ती म्हण याच्यासाठीच केलेली असावी. साहेबांचे कान यानेच भरले, दुसरं काय. मी एकदा चहा पिताना साहेबांना म्हटलं होतं की मेलो तरी क्रेन सोडून खाली यायचा नाही, पण ती बोलायची एक रीत असते. असलं कुणी खरं धरतं का?

तेव्हापासून दोन्ही घरांचं जाणंयेणं बंद. मीच बंद केलं. त्या घरात पाऊल टाकायचं नाही आणि त्या घरातली बातमी या घरात आणायची नाही, असं हिला बजावलं. सासूबाई तेव्हा चार दिवसांसाठी धाकटीकडे गेल्या होत्या, त्या तिकडेच राहिल्या. म्हणजे साडूने ठेवून घेतल्या. मुकादमकी घेतली ती घेतली, माझी सासूपण घेतली. एरवी लोक सासू कुणी नेली तर पेढे वाटतील. पण माझं आणि सासूबाईंचं चांगलं जमायचं, ते त्याला ठाऊक होतं.

आणि आता त्याने माझा आवाज घेतलाय. क्रेनवरची वॉकीटॉकी, आम्ही तिला सेट म्हणतो, आज जेवणाच्या सुट्टीनंतर बोलेनाशी झाली. ऐकू सगळं येतं. बोलायला बटण दाबलं की 'टूं' करते आणि गप्प बसते. दुपारभर साडूचं "उचला, थांबा, जरा डावीकडे घ्या" ऐकत बसलो. वर अहो-जाहो करून हुकूम सोडतो, ते जास्त झोंबतं. उलट एक अक्षर बोलायची सोय नाही. याला योगायोग म्हणणारा माणूस मूर्ख.

बुधवार, ५ तारीख

सेटची बॅटरी बदलली. एरियल काढून, पुसून, पुन्हा घट्ट पिळलं. बटणाखालचा पत्रा खोडरबराने घासला. सकाळी सेट पोपटासारखा बोलला. जेवणानंतर टूं.

सुट्टी झाल्यावर खाली रेडिओवाल्याकडे नेला. रेडिओवाला म्हणजे गोदीतले सगळे सेट सांभाळणारा माणूस, पत्र्याच्या शेडमध्ये बसतो, तोंडात नेहमी एक स्क्रू धरलेला. त्याने बटण दाबलं, सेट बोलला. पन्नासदा दाबलं, पन्नासदा बोलला. "ठणठणीत आहे की," म्हणाला. मी म्हटलं वर ये आणि बघ. म्हणाला, शिडी पाहूनच माझे गुडघे रडतात. क्रेनसाठी म्हणून ठेवलेला दुसरा सेट त्याने मला दिला.

गुरुवार, ६ तारीख

दुसरा सेटही जेवणानंतर मुका. खाली नेला तर बोलका. रेडिओवाला म्हणतो, दोन्ही सेट वाईट असणं शक्य नाही, तुमच्या बसण्यातच काहीतरी दोष आहे. हसलासुद्धा. साडूने त्याला चहा पाजलेला असणार.

आज एक गोष्ट टिपून ठेवतो. साडूच्या कमरेला दोन सेट असतात. एक सगळ्यांसारखा आणि एक जुना, काळा. सकाळीही तो काळा सेट मधूनच कानाला लावतो, आणि दुपारी लावला की गालातल्या गालात हसतो. मी वर मुका झालो की त्याला हसू फुटतं. त्या काळ्या डब्यातूनच तो माझा आवाज अडवतो. कसा ते मला माहीत नाही, पण अडवतो.

हिच्या हाताला हल्ली मलमाचा वास येतो. विचारलं तर म्हणाली, माझेच गुडघे, दुसरं काय. वयाने लहान आहे माझ्यापेक्षा, आणि हे दुखणं. मला आधी सांगत नाही ही तिची जुनी खोड आहे.

शनिवार, ८ तारीख

साहेबांकडे गेलो. सरळ सांगितलं की मुकादम माझा सेट मुद्दाम बिघडवतो. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "तो तर परवाच सांगत होता की तुमच्यासारखा हात गोदीत दुसऱ्या कुणाचा नाही." टोमणा कसा पोचवावा हे कुणी साडूकडून शिकावं. मग मी मुकादमकीचा विषय काढला, तर साहेब म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात ना खाली यायचं नाही म्हणून?" मोठ्या माणसांशी गमतीने बोलू नये, हे शहाणपण उशिरा सुचलं.

सेट सुधारेपर्यंत भोंग्यावर काम चालवायचं ठरलं. साडूने विचारायचं, मी भोंग्याने उत्तर द्यायचं. एक भोंगा म्हणजे होय, दोन म्हणजे नाही. लांब भोंगा म्हणजे धोका.

मंगळवार, ११ तारीख

भोंगा हे फार चांगलं यंत्र आहे. देवाने माणसाला जीभ देण्याऐवजी भोंगा दिला असता तरी चाललं असतं.

साडूने विचारलं, पत्रा उचलताय का? दोन भोंगे. का हो, काय झालं? दोन भोंगे. बरं, साखळी परत बांधू का? दोन. मग काय करू? इथे मी लांबलचक एक भोंगा दिला, धोक्याचा. सगळी डोकी भराभर बाजूला पळाली, पिवळं डोकं सगळ्यात पुढे. धोका कुठे होता? कुठेच नाही. मला पाय मोकळे करायचे होते.

दुपारभर असंच चालवलं. शेवटी तो सेटवर म्हणाला, "साडूभाऊ, माणसं थकलीत हो." आवाजात राग नव्हता, हे मला आवडलं नाही. रागावला असता तर मजा आली असती.

शुक्रवार, १४ तारीख

गोदीच्या भिंतीपलीकडे कामगारांच्या चाळी आहेत. माझी चाळ रस्त्याकडे, साडूची गोदीकडे. माझ्या केबिनमधून त्याच्या घराची मागची खिडकी सरळ दिसते. दुपारी, मी मुका होतो त्याच सुमारास, त्या खिडकीतून कुणीतरी पांढरं फडकं हलवतं. आधी वाटलं धूळ झटकतात. पण धूळ कुणी रोज एकाच वेळी झटकत नाही, आणि तीही क्रेनकडे तोंड करून. मला हिणवतात. वर बसलास ना, बस वर, असं सांगतात. मेव्हणीला मी लहानाची मोठी होताना पाहिली, आणि तीही त्याच्या नादाने अशी झाली.

बघून घेईन. एकेकाला बघून घेईन.

सोमवार, १७ तारीख

झालं. जेवणाच्या सुट्टीत साडू नळावर हात धुवायला गेला, पट्टा त्याने मुकादमाच्या खोलीत खुंटीला अडकवला होता. काळा सेट काढला, डब्याच्या पिशवीत घातला आणि वर आलो. त्याने मला मुकं केलं, मी त्याला बहिरं केलं. फिटंफाट. शिडी चढताना इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

वर आल्यावर त्याचं बटण फिरवून बघितलं, म्हटलं ऐकू तरी साडूची काय भानगड आहे. आधी पंख्याची घरघर. मग बायकांचं बोलणं. मग मी ओळखलं, त्यातली एक ही आहे. माझी बायको, माझ्या वैऱ्याच्या घरात.

"आई, हात दे बघू. हं, आता ऊठ. सावकाश."

"दिसतात का गं?"

"ते काय, त्या वरच्या काचेच्या खोलीत. हलव फडकं. बघतात ते."

समोरच्या खिडकीत पांढरं फडकं हललं. मी बघतच होतो.

"थोरले जावई इकडे येत का नाहीत गं?" सासूबाईंनी विचारलं. ही म्हणाली, "त्यांना खाली उतरायला वेळ होत नाही, आई. म्हणून तर रोज वरून बघतात ना तुला." मग सासूबाई म्हणाल्या, पाय चोळ गं जरा, तुझ्या हाताला बरं वाटतं. मग पुन्हा विचारलं, थोरले जावई इकडे येत का नाहीत. हिने पुन्हा तेच उत्तर दिलं, तितक्याच शांतपणे.

त्यांना उठवत नाही, मघाचं आठवत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. एवढी मोठी गोष्ट माझ्या घरात मला कुणी सांगितली नाही. दुपारभर डोळे त्या खिडकीवरून हलले नाहीत, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळपर्यंत त्याचा राग झाला. दोन वर्षं माझ्या ताटात वाढायचं आणि दुपारी तिकडे जाऊन बसायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

घरी आलो, हिने चहा ठेवला. हाताला मलमाचा वास. मी म्हटलं, गुडघे कसे आहेत? म्हणाली, बरे आहेत. आता सगळ्यांचं ऐकणारा मी आहे, बोलायची घाई कशाला?

मंगळवार, १८ तारीख

साडू सकाळपासून सेटवर सगळ्यांना विचारतोय, "माझा काळा सेट कुणी पाहिला का? फार गरजेचा आहे." फार गरजेचा, हो ना? मलाही माझा आवाज फार गरजेचा होता.

आता मला कळलंय की सासूबाईंच्या उशाशी दुसरा सेट ठेवून तो यावर त्यांची चाहूल घेत असे. सकाळी त्या एकट्या असतात, मेव्हणी संध्याकाळपर्यंत कामावर असते. मान्य. पण विचारायचं होतं मला. मी नाही म्हटलं असतं का? कदाचित म्हटलं असतं, पण विचारायचं तर होतं.

सेट आणखी एकदोन दिवस ठेवतो. सासूबाईंना काय व्हायचंय, ही जातेच की रोज. आणि खरं सांगू का वही, दुपारी त्यांचा आवाज ऐकायला बरं वाटतं. आज त्या हिला सांगत होत्या की थोरल्या जावयांनी पहिल्या भेटीत घाबरून पाण्याचा तांब्या स्वतःच्या मांडीवर ओतला होता. खरं आहे ते. ही इतकी हसली. माझ्यासमोर ती अशी कधी हसली होती, आठवत नाही.

गुरुवार, २० तारीख

साडू आता तासातासाला काहीतरी निमित्त काढून घरी पळतो. धापा टाकत परत येतो. एका मोठ्या जहाजाचं सुकाणू बसवून ते चाचणीला पाठवायचंय, त्याला उशीर झाल्याने साहेब आधीच तापलेले. मी सुट्टी झाल्यावर त्यांच्या कानावर घातलं की काम अडतं ते भोंग्याने नाही, मुकादम जागेवर नसतात म्हणून. अगदी नम्रपणे सांगितलं. नाक दाबलं की तोंड उघडतं. साहेबांनी लगेच त्याला बोलावून ताकीद दिली, सुकाणू बसेपर्यंत फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

आता उरली ही. हिला सांगितलं, उद्या स्वयंपाकघरातला नळ बघायला माणूस येणार आहे, दुपारी येईल नाहीतर संध्याकाळी, तू घर सोडू नकोस. ही म्हणाली, उद्याच का? मी म्हटलं, नळवाले आपल्या सोयीने येत नाहीत. ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगायचं होतं तिला. मी वाट बघितली. बोलली असती, अहो मला आईकडे जायचंय एवढं म्हणाली असती, तर मी सोडलं असतं. नाही बोलली.

नळवाल्याला मी बोलावलेलं नाही. बसू दे एक दिवस घरी, म्हणजे कळेल.

शनिवार, २२ तारीख

काल लिहिता आलं नाही. आज जसं झालं तसं लिहितो.

जेवणानंतर सुकाणू उचललं. मोठ्या जहाजाचं सुकाणू म्हणजे एका खोलीएवढा पत्रा. साडू खालून हात दाखवत होता, सेटवर सांगत होता. काळा सेट मी मांडीवर घेतला होता. पंख्याची घरघर चालू होती. सासूबाईंनी हाक मारली, "थोरले, आलीस का गं?" कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने परत हाक. मग म्हणाल्या, "ते वाट बघत असतील गं." काठी फरशीवर घासल्याचा आवाज आला.

मी खिडकीकडे बघितलं. फडकं आलं. हललं. मग खाली खेचल्यासारखं दिसेनासं झालं, आणि मांडीवरच्या सेटमधून धप्प असा आवाज आला. मग कण्हणं.

मी क्रेनचा सेट उचलून बटण दाबलं. टूं. पुन्हा दाबलं. टूं. ओरडलो त्या सेटवर, शिव्या दिल्या. टूं. मग भोंगा दिला, लांब, धोक्याचा. खालच्या डोक्यांपैकी एकही हललं नाही. साडूने वर बघितलंसुद्धा नाही, सेटवर म्हणाला, "बरं बरं, साडूभाऊ, नको तर नको. थांबतो आम्ही." मी भोंगा दाबूनच धरला. कुणीतरी कानात बोटं घालून हसलं. दोन आठवडे मी त्यांना हेच शिकवलं होतं.

हुकाला ओझं लटकत असताना केबिन सोडायची नाही, हा आमचा पहिला नियम. सुकाणू तसंच फिरवलं, खाली माणसं नाहीत अशी जागा रंगाच्या कोठाराशेजारी दिसली, तिथे टेकवलं. आयुष्यात असं वाईट ओझं टेकवलं नव्हतं.

मग काळा सेट तोंडाशी धरला. क्रेनच्या सेटसारखा तो टूं करत नव्हता. तो बोलायला तयार होता, पण ऐकणारं एकच माणूस होतं. कण्हणं थांबलं तशी हाक मारली.

"सासूबाई."

"कोण?"

"मी. थोरला जावई. वरून बोलतोय."

मग त्यांनी विचारलं, "दिसते का हो मी तुम्हाला, जावईबापू?"

खिडकीत काहीच दिसत नव्हतं.

"दिसताय की," मी म्हटलं. "रोज दिसता. हलू नका. मी खाली येतोय."

सेट गळ्यात अडकवला आणि शिडीला लागलो. दोन्ही हात शिडीला, म्हणजे बटण दाबायची सोय नाही. त्या बोलत राहिल्या. पाय दुखतो हो फार. थोरली आज आली नाही. तुम्ही रागावलात का कुणावर? तुम्ही शांत माणूस, तुम्ही कशाला रागावाल. मी उतरत होतो आणि ऐकत होतो. शिडी संपता संपेना.

सुकाणू भलतीकडे ठेवलं म्हणून साडू तणतणत क्रेनच्या पायथ्याशीच आला होता. "साडूभाऊ, हे काय केलंत? खाली कुणी असतं तर?" मी गळ्यातला काळा सेट काढून त्याच्यापुढे धरला. त्यातून सासूबाई म्हणत होत्या, "आलात का खाली?" साडूने सेटकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं, ते मी त्याच्या तोंडावर बघितलं.

"सासूबाई पडल्या," मी म्हटलं. "धाव."

कामाचं सोडून दोन वर्षांत त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द. तो धावला. साहेबांची ताकीद, फाटक, कशाकडे बघितलं नाही. मीही धावलो, पण माझे पाय शिडीनेच संपवले होते.

मंगळवार, २५ तारीख

खुब्याचं हाड मोडलंय. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलं, त्या तशाच पडून राहिल्या असत्या तर कठीण होतं.

दवाखान्याच्या बाकावर ही माझ्याशेजारी बसली होती. मेव्हणी आली, रडली, गेली. साडू डबा घेऊन आला, मलाही दिला. मी नको म्हटलं, तर शेजारी ठेवून गेला. मग ही म्हणाली, "नळवाला आलाच नाही."

एवढंच. आवाज चढवला नाही. मी समोरच्या भिंतीवरच्या सूचना वाचत राहिलो. त्या पाठ झाल्या आहेत.

गुरुवार, २७ तारीख

साहेबांनी दोघांना बोलावलं. मुकादमाचा सेट क्रेनवर कसा गेला, हे त्यांना हवं होतं. मी तयार होतो. चोरला म्हणून सांगणार होतो, नोकरी गेली तर गेली. साडू माझ्याआधी बोलला. "मीच दिला होता साहेब. त्यांचा बिघडलाय म्हणून." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? तो म्हणाला, "चला, सुकाणू बसवायचं राहिलंय." आणि गेला.

दोन वर्षं मी काय काय योजत होतो, आणि या माणसाने एका वाक्यात माझ्यावर असा सूड घेतला की मला मान वर करता येत नाही. त्याला ते कळलं तरी असेल का, शंका आहे. त्यामुळे आणखी चीड येते.

शुक्रवार, २८ तारीख

रेडिओवाल्याने कोडं सोडवलं. साडूने ३ तारखेपासून सासूबाईंच्या उशाशी ठेवलेला सेट आवाज झाला की आपोआप चालू होणारा होता. पंखा लागला, गप्पा सुरू झाल्या, की तो बोलायला लागे. त्याचा गट वेगळा, म्हणून आम्हाला ते ऐकू येत नसे, पण हवेतली वाट, म्हणजे चॅनेल, तीच. आणि क्रेनच्या दोन्ही सेटमध्ये एक कुलूप आहे, वाटेवर दुसरं कुणी बोलत असलं की ते क्रेनला बोलू देत नाही. खालच्या सेटना असलं कुलूप नाही. रेडिओवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये घरचा तो बारीक आवाज पोचत नसे, म्हणून तिथे माझा सेट शहाण्यासारखा वागायचा. साडूला यातलं काही माहीत नव्हतं. गोदीचा सेट घरी न्यायची परवानगी नव्हती म्हणून त्याने कुणाला विचारलं नाही, इतकंच.

म्हणजे मी वर मुका व्हायचो तेव्हा तिकडे ही आणि सासूबाई माझ्याबद्दल बोलत असायच्या.

रेडिओवाल्याने घरच्या सेटला वेगळी वाट करून दिली, साहेबांना विचारून. मी दुपारी बटण दाबलं. सेट बोलला. "हॅलो," म्हटलं. खालून साडू म्हणाला, "बोला, साडूभाऊ." सेट ठेवून दिला.

सोमवार, १० तारीख

सासूबाईंना घरी आणलं, साडूच्याच घरी. आमच्याकडे आणू म्हटलं होतं मी, पण त्यांना ती खिडकी हवी. सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत की थोरले जावई आकाशातून बोलत बोलत उतरले. बाकीचं विसरतात, हे विसरत नाहीत.

काल हिला तिथे सोडायला दारापर्यंत गेलो. ही आता लपून जात नाही, मलमाची बाटली हातात घेऊन जाते. साडू म्हणाला, "आत या." मी म्हटलं, बुटांना ग्रीस लागलंय. लागलं नव्हतं. मुकादमकीचा हिशेब अजून राहिलाय, तो मी सोडलेला नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

आज दुपारी पत्रे उचलत होतो. सेट ठणठणीत, सगळं तोंडाने बोलून चाललं होतं, भोंग्याची गरज नव्हती. मध्येच खिडकीत फडकं आलं. पलंग खिडकीला लावलाय, पडल्या पडल्या हलवतात, म्हणून फक्त वरचं टोक दिसतं. दिसते का, असं विचारत असणार. मी एक भोंगा दिला.

खाली साडूने दचकून वर बघितलं. त्याने काही विचारलं नव्हतं. मग त्याने पिवळी टोपी काढली आणि हात वर केला. तो भोंगा त्याच्यासाठी नव्हता. पण ते सांगायला मी सेट उचलला नाही.